नजर गेली, पुढे काय? अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी मदत कुठे, कशी मिळते

घरात कुणाची नजर कमी होऊ लागली की आपली धावपळ सुरू होते ती डॉक्टरांची. गावातला डॉक्टर, मग जिल्ह्याचा, मग पुणे-मुंबई. सोबत दुआ-तावीजही चालू असतं. उपचार करायलाच हवेत. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननं नजर परत येते. पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि पडद्याच्या काही आजारांतही तसंच होतं. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "आता डोळ्यांसाठी काही करता येणार नाही." घरचे मात्र ऐकतात, की आता या माणसाचंच काही होणार नाही. मुलाची शाळा सुटते, मुलीचं घराबाहेर पडणं थांबतं, अब्बांचं दुकान बंद होतं.

आमचं सांगणं एवढंच, की उपचार संपायची वाट पाहू नका. पुढची मदत उपचार चालू असतानाच सुरू करता येते. त्यासाठी लागणारी माहिती आम्ही इथे एकत्र दिली आहे.

आधी प्रमाणपत्र

बहुतेक सगळ्या सवलतींची चावी म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा. फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. जुने रिपोर्ट सोबत ठेवा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'अंधत्व' आणि 'अल्पदृष्टी' असे दोन वेगळे प्रकार आहेत. म्हणजे थोडं दिसत असलं तरी प्रमाणपत्र मिळू शकतं. नजर मोजतात ती चांगल्या डोळ्याची, चष्मा लावून. किती बाजूपर्यंत दिसतं, हेही पाहतात. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा चांगला असेल, तर ३० टक्केच भरतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

थोडी नजर असेल तर

मोठ्या नेत्ररुग्णालयांत 'लो व्हिजन क्लिनिक' असतं. तिथे भिंग, खास चष्मे आणि योग्य उजेड यांच्या मदतीनं उरलेली नजर कशी वापरायची ते शिकवतात. नेहमीच्या डॉक्टरांकडून तिथली चिठ्ठी मागून घ्या.

आणखी एक गोष्ट. रातांधळेपणापासून सुरू होणारा 'रेटिनायटिस पिगमेंटोसा' हा आजार आनुवंशिक असू शकतो. जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे अशा काही आजारांची शक्यता वाढते. घरात एकाला तो असेल तर भावंडांचीही तपासणी करा आणि पुढची सोयरीक ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. यात लपवण्यासारखं काही नाही.

शाळा आणि परीक्षा

कायद्यानुसार ६ ते १८ वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुंबईत ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आणि मुलींसाठी दादरची कमला मेहता अंधशाळा, या दोन्ही शंभर वर्षांहून जुन्या. पुण्यात 'पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड' आहे. तिथे मुलांची सोय कोरेगाव पार्कला आणि मुलींची कोथरूडला. परीक्षेला लेखनिक मिळतो आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. हे परीक्षेच्या दिवशी मागून चालत नाही, शाळेमार्फत आधी अर्ज करावा लागतो.

आपल्याकडे बरेचदा "त्याला हाफिज करू" म्हणून विषय संपवतात. हिफ्ज जरूर करू द्या, पण त्यासाठी ब्रेल आणि शाळा सोडायची गरज नाही. कुरआन शरीफ ब्रेलमध्येही उपलब्ध आहे. छापील अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, ब्रेल अरबी मात्र मराठी ब्रेलसारखीच डावीकडून उजवीकडे. मराठी ब्रेल आलेल्या मुलाला तिची दिशा नव्यानं शिकावी लागत नाही.

फोन आणि वाचन

अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आणि आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आधीपासूनच असतं. सेटिंगमध्ये चालू केलं की पडद्यावरचं सगळं फोन बोलून सांगतो. संगणकासाठी 'एनव्हीडीए' फुकट मिळतं. नोट किती रुपयांची ते सांगणारं रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप २०२० पासून आहे. 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात वाचता-ऐकता येतील अशी पुस्तकं आहेत.

प्रशिक्षणासाठी मुंबईत वरळीला 'नॅब' ही १९५२ची संस्था आहे. सेंट झेवियर्स कॉलेजमधलं 'एक्सआरसीव्हीसी' हे केंद्र २००३ पासून शिक्षण, तंत्रज्ञान आणि हक्कांबाबत मार्गदर्शन करतं.

सवलती थोडक्यात

• एसटी: ४० टक्क्यांपुढे दिव्यांगत्व असेल तर भाड्यात ७५ टक्के सवलत.
• रेल्वे: पूर्ण अंध प्रवासी आणि सोबतचा एक जण, दोघांना स्लीपर व थ्री-टियर एसीत ७५ टक्के. राजधानी-शताब्दीत कमी. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.
• नोकरी: सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणात १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी.
• अनुदान: गरीब कुटुंबांसाठी संजय गांधी निराधार योजना. अर्ज तहसील कार्यालयात.
• स्थानिक निधी: ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तुमच्याकडे ते कशावर खर्च होतात, ते जाऊन विचारा.
• बँक: दिसत नाही म्हणून चेकबुक, एटीएम कार्ड किंवा लॉकर नाकारता येत नाही. तसा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे.

घरात काय करायचं

वस्तूंच्या जागा बदलू नका. दार पूर्ण उघडं ठेवा किंवा पूर्ण बंद, अर्धवट नको. खोलीत आल्यावर नाव सांगा, जाताना सांगून जा. चालताना त्यांचा हात धरून ओढू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या. पांढरी काठी वापरायला लाजू देऊ नका. ती पाहूनच गाडीवाला थांबतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कामं काढून घेऊ नका. अम्मीला चहा करता येत असेल तर करू द्या, अब्बांना गल्ल्यावर बसू द्या. आमच्या मते, नजर गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त खचवतं ते "तू बस, आम्ही करतो" हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य.