परांड्याहून आलेला पाहुणा

साल १५२२. भिंगारच्या बाजूनं तुम्ही नगरच्या भुईकोटापाशी येता आणि गोंधळता. तो दगडी तट कुठे गेला? तो उभारायला हुसेन निजामशहाला अजून सदतीस वर्षं आहेत. समोर मातीचा कोट आहे, आणि शहर तुमच्याहूनही तरुण असेल कदाचित.

परांड्याच्या वाटेनं एक काफिला येतोय. गर्दीत घुसा, कान द्या. पाहुणा इराणचा, नाव शाह ताहिर. काशानमध्ये शिकवायचा. शिष्य वाढले, तशी इराणचा बादशहा शाह इस्माईल सफवी याची झोप उडाली. त्यात हा इस्माइली पंथाच्या एका शाखेचा इमाम असल्याचं कानावर गेलेलं. ठार मारायचा हुकूम निघाला. दरबारातल्याच एका हितचिंतकानं वेळेत निरोप धाडला, म्हणून १५२० साली बायकापोरांना घेऊन हा निसटला. फार्स, मग समुद्र, गोवा, विजापूर. आदिलशहानं फारसं विचारलं नाही. परांड्याच्या किल्ल्यात मात्र बुऱ्हाण निजामशहाचा गुरू पीर मुहम्मद भेटला, तो गुरूच ताहिरपुढे शिष्य होऊन बसला आणि नगरला येऊन राजाजवळ त्याची तारीफ केली.

आजच्या सवयीनं तुम्ही कचेरी शोधाल, अर्ज, शिक्का. तसलं इथे काही नाही. आसरा म्हणजे विशीतल्या एका राजाची मर्जी. विजापुरात जो माणूस कुणाच्या हिशेबी नव्हता, तोच इथे मोलाचा ठरतो, कारण या दरबाराला विद्वान हवाय. निव्वळ जीव वाचवायला आलेल्या बिनकामाच्या माणसाचं काय झालं असतं? मला तरी आशा वाटत नाही. पण फार नाक मुरडू नका: १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही आजही नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही.

आठवड्यातून दोनदा किल्ल्यात शाह ताहिरचं प्रवचन असतं. मागे बसा. राजाही ऐकायला येतो. वक्ता स्वतःच्या इमामपदाबद्दल चकार शब्द काढत नाही. उघडपणे तो बारा इमामांचा शिया.

आता १५३७. राजपुत्र अब्दुल कादिर मोठ्या दुखण्यातून उठलाय आणि ताहिरनं सुचवलेला नवस फळला असं मानून बुऱ्हाणनं शिया मत राज्याचं मत म्हणून जाहीर केलंय. सुन्नी संतापलेत, शहर पेटलंय. कोटाबाहेर फौज जमवून कोण उभं आहे बघा: तोच पीर मुहम्मद. बंड फसतं, तो पकडला जातो. राजाला त्याचं डोकं हवंय. मध्ये पडतो शाह ताहिर. गुरूचा जीव वाचतो, कैदेवर भागतं.

पुढे निजामशाही आणि सफवी दरबार यांच्यात वकिलाती सुरू होतात. १५४९च्या सुमारास शाह ताहिर नगरात वारला, तेव्हा त्याचा मुलगा हैदर इराणात होता, शाह तहमास्पच्या दरबारी, नगरचा दूत म्हणून. तहमास्प हा शाह इस्माईलचा मुलगा.