घरांतील बॉयलरचें आयुष्य

महाराष्ट्रांतील जुन्या घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यांत तांब्याचा बंब असे. मध्यें निखाऱ्यांची नळी, भोंवतीं पाणी. वरून थंड पाणी ओतावें आणि तोटीनें ऊन पाणी घ्यावें. राख काढली आणि चिंच लावून तो घासला, कीं त्याची देखभाल झाली. वाफेला बाहेर पडण्यास वाट मोकळी असल्यामुळें त्याची भीति कोणास वाटत नसे. शीत देशांत मात्र हिंवाळाभर सगळें घरच उबदार ठेवावें लागतें. त्यासाठीं बसविलेल्या बॉयलरचें पाणी नळांच्या जाळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतें, आणि फुगलेल्या पाण्याला किंवा वाफेला ठेवलेली वाट बुजली, कीं आंत दाब चढूं लागतो. बॉयलरच्या देखभालीचा इतिहास या एका भेदांतून निघाला आहे.

या युक्तीचा एक जुना प्रयोग माणसांसाठीं नव्हे, तर कोंबडीच्या पिलांसाठीं झाला. १७७७ च्या सुमारास बॉनमँ नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें पॅरिसजवळ अंडीं उबविण्याकरितां नळांतून ऊन पाणी खेळविलें. ऊन पाणी हलकें म्हणून वर चढतें, निवालें कीं जड होऊन खालीं येतें. एवढ्या तत्त्वावर तें आपोआप फिरत राही. १७८४ सालीं जेम्स वॅट यानें आपली खोली वाफेनें तापविली. १८३१ सालीं अँजिअर मार्च पर्किन्स यानें इंग्लंडांत जाड लोखंडी नळ्यांतून मोठ्या दाबाखालीं पाणी फिरविण्याचें पेटंट घेतलें, आणि ऊब ही विकत घेण्याची वस्तु झाली.

पुढें मध्यम वर्गाच्या घरांत चुलीच्या पाठीशीं लहान बॉयलर बसविण्याची चाल पडली. घर आठ दिवस बंद, चूल विझलेली, बाहेर कडाक्याची थंडी. अशा वेळीं नळांतील पाणी गोठे आणि दोन्ही वाटा बर्फानें बंद होत. परत आलेल्या कुटुंबानें नेहमीप्रमाणें चूल पेटविली, कीं कोंडलेली वाफ बॉयलर फोडून बाहेर पडे. यावरचा उपाय, म्हणजे सुरक्षा-झडप, देनी पापँ यानें सतराव्या शतकांतच योजिला होता. परंतु अनेक घरांतील बॉयलरांना ती नसे. १८८२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें बॉयलरच्या स्फोटांची चौकशी करण्याचा कायदा केला, तेव्हां केवळ घरगुती वापराचे बॉयलर त्यांतून वगळले. कायद्याचा अधिकारी घराच्या उंबरठ्यापाशीं थांबला.

कारखान्यांत मात्र निराळी रीति रुजूं लागली होती. वाफेंत कांहीं गूढ शक्ति आहे आणि स्फोट हा दैवाचा घाला आहे, अशी समजूत एकेकाळीं होती. १८५४ सालीं विल्यम फेअरबेर्न प्रभृतींनीं मँचेस्टर येथें स्फोटप्रतिबंधक संस्था स्थापिली. तिच्या निरीक्षकांस सांपडलेलीं कारणें अगदीं साधीं होतीं: गंजून पातळ झालेला पत्रा, अडकलेली झडप, कमी झालेलें पाणी. तरीहि शिक्षण महागच पडलें. २० मार्च १९०५ रोजीं अमेरिकेंतील ब्रॉक्टन येथील जोड्यांच्या कारखान्यांत नवा बॉयलर दुरुस्तीसाठीं बंद ठेवून जुना पेटविला होता. त्याच्या रिव्हेट मारलेल्या सांध्यांत बाहेरून न दिसणारी चीर होती. बॉयलर फुटला, इमारत कोसळून पेटली व ५८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर १९०७ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें बॉयलरचे नियम केले, आणि अमेरिकन यंत्रविशारदांच्या संस्थेची सविस्तर संहिता १९१५ सालीं प्रसिद्ध झाली.

घरांतील बॉयलर सहसा असा फुटत नाहीं. तो हळूहळू झिजतो. त्याचे वैरी दोन: क्षार आणि गंज. जड पाणी तापलें कीं त्यांतील चुना भांड्याला आंतून धरतो. मग अग्नीची उष्णता पाण्यापर्यंत पोंचत नाहीं. जळण अधिक लागतें आणि पत्रा फाजील तापून तडकतो. गंज चढतो तो पाण्यांत विरलेल्या प्राणवायूमुळें. परंतु तेंच तें पाणी फिरत राहिलें, तर त्यांतील क्षार एकदां बसून जातात व प्राणवायूहि संपतो. म्हणून जुनें पाणी हा बॉयलरचा मित्र होय. नळाला बारीक गळती असेल, तर रोज भर घालावी लागते आणि प्रत्येक भरीबरोबर नवा चुना व नवा प्राणवायु आंत येतो. थेंबाथेंबानें गळणारा सांधा दहा वर्षांत बॉयलर खातो. कोळशाच्या काजळींतहि गंधक असतें. उन्हाळ्यांत ती ओलावली कीं तिचें आम्ल होऊन लोखंड पोखरतें. म्हणून भट्टी व धुराडें झाडावयाचें तें हंगाम संपतांच, पुढच्या थंडीच्या तोंडावर नव्हे.

अशी काळजी घेतलेले बिडाचे जाड बॉयलर तीस-चाळीस वर्षें सहज टिकत. आजचा वायूवर चालणारा बॉयलर धुरांतील वाफेचें पाणी करून तिचीहि उष्णता घेतो. इंग्लंडांत २००५ पासून नवे बॉयलर बहुतांशीं याच जातीचे बसवितात. जळण कमी लागतें, पण अंग पातळ आणि मार्ग अरुंद, म्हणून त्याचें आयुष्य सामान्यतः दहा ते पंधरा वर्षांचें धरतात. त्यांत एक भयहि आहे: ज्वाला नीट जळली नाहीं किंवा धुराडें तुंबलें, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु खोलींत भरतो, आणि त्याला रंग नाहीं, वासहि नाहीं.

ब्रिटनमध्यें १९९८ च्या नियमांनीं भाड्यानें दिलेल्या घरांतील वायूच्या उपकरणांची दरवर्षीं तपासणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. स्वतःच्या घरांत राहणाऱ्यावर मात्र ती सक्ति नाहीं. १८८२ सालीं उंबरठ्यापाशीं थांबलेला कायदा त्याच्या बाबतींत अजून तेथेंच उभा आहे. दाबाचा कांटा कां उतरला, सांध्याखालीं ओल कां आली, ज्वाला निळी असावयाची ती पिवळी कां झाली, हें त्याचें त्यानेंच पाहावयाचें असतें.