१८५९ की १८९७? माटुंग्याच्या गॅसची गोष्ट

बायोगॅसबद्दल जालावर काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हटकून भेटतं: जगातला पहिला बायोगॅस प्लँट १८५९ साली मुंबईतल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत बांधला गेला. शोधनिबंधांत आहे, पाठ्यपुस्तकांत आहे, प्लँट विकणाऱ्यांच्या पॉवरपॉइंटमध्ये तर पहिल्याच स्लाइडवर. मुंबईकर म्हणून छाती जरा फुगते.

फक्त एक गडबड आहे. काही ठिकाणी त्या वसाहतीचं नावही दिलेलं असतं: माटुंग्याचं होमलेस लेपर असायलम. आणि ते सुरू झालं १८९० साली! म्हणजे आश्रम उघडायच्या ३१ वर्षं आधीच त्याच्या सांडपाण्यातून गॅस निघत होता म्हणायचं. फाइल तयार व्हायच्या आधीच ती बदलल्याची तारीख दिसावी, तसला प्रकार. कुणीतरी एकदा चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी इमानेइतबारे कॉपी-पेस्ट केलं.

खरी गोष्ट मात्र या चुकीच्या तारखेपेक्षा जास्त मजेदार आहे.

हे असायलम म्हणजे आजचं वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. हे ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. (हेच ते, शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये पुस्तक काढणारे. सकाळी गटारांच्या फाइली आणि संध्याकाळी शाहीर! असा कमिशनर पुन्हा होणे नाही.) शहरात रस्त्यावर भीक मागणारे कुष्ठरोगी लोकांना डोळ्यांसमोर नको होते. त्यांना उचलून न्यायचं कुठे? तर माटुंग्याला, जिथे तेव्हा शेतं, झाडी आणि खाजण होतं. पहिले सुपरिंटेंडेंट होते डॉ. नसरवानजी चोक्सी.

आता सांडपाण्याकडे येऊ. गिरगाव, कामाठीपुरा या भागातली गटारं उताराने वरळीच्या लव्हग्रोव्हला जायची आणि तिथून पंपाने समुद्रात. शहराचा हिशोब साधा होता, समुद्र मोठा आहे. माटुंग्याचं असायलम मात्र शहराबाहेर, मुख्य गटारापासून लांब. तिथल्या मैल्याची सोय तिथेच लावणं भाग होतं.

ती लावण्याची नवी पद्धत नुकतीच इंग्लंडमध्ये निघाली होती. एक्सेटर शहराचा सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन याने १८९५-९६ च्या सुमारास बंद टाकी बांधली आणि तिला सेप्टिक टँक हे नाव दिलं. आपल्या सोसायट्यांच्या मागे असते तीच. सांडपाणी आत संथपणे येतं, गाळ तळाशी बसतो, वर साय धरते, आणि हवा नसलेल्या अंधारात सूक्ष्मजीव कामाला लागतात. एक टोळी मोठे रेणू फोडते, दुसरी त्यांची आम्लं करते, तिसरी त्या आम्लांपासून मिथेन बनवते. पाण्यातली घाण म्हणजे शेवटी कुणाचं तरी जेवण. ते जेवण टाकीत संपलं नाही, तर पुढे नदी-समुद्रातले जीव ते खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे मरतात ते त्यामुळे. बीओडी, बीओडी म्हणतात ते याचंच मोजमाप: पाण्यातली घाण खायला जंतूंना किती ऑक्सिजन लागेल.

यातली मेख अशी की मिथेन बनवणारे जीव ऊबेला फार हळवे. ३५ अंशाच्या आसपास ते खुशीत असतात. एक्सेटरच्या हिवाळ्यात ते पेंगणार, मुंबईत बारा महिने हजेरी लावणार. पालिकेच्या ड्रेनेज खात्यातला इंजिनिअर चार्ल्स कारकीट जेम्स याला यात रस होता. विलायती पुस्तकं पूर्वेकडच्या शहरांना जशीच्या तशी लागू होत नाहीत असं त्याचं मत. म्हणून त्याने स्वतःच दोन पुस्तकं लिहिली, १९०२ आणि १९०६ मध्ये. माटुंग्याच्या टाक्यांवर गॅस गोळा करायची सोय झाली ती १८९७ च्या सुमाराला, आणि त्या गॅसवर चक्क इंजिन चालवलं गेलं.

१८९७ हे साल मुद्दाम लक्षात घ्या. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला होता. अर्धं शहर गावी पळालं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, संशय गटारांवर. मग पालिकेने गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी ओतायचा सपाटा लावला. एकीकडे जंतू मारायला गटारांतून औषधाचे लोंढे, आणि त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला, शहराने टाकून दिलेल्या माणसांच्या वस्तीत, जंतूंना नीट सांभाळून कामाला लावलेलं. (तेच चोक्सी आर्थर रोडच्या हॉस्पिटलात प्लेगचे रोगी बघत होते.)

म्हणून मला १८५९ हे साल खटकतं. १८५९ मध्ये पाश्चरचं जंतूंवरचं काम जेमतेम सुरू झालं होतं, तेव्हा टाकीत काय चाललंय हे कुणी सांगूच शकलं नसतं. ते साल धरलं की माटुंगा एक चमत्कार होतो. १८९७ धरलं की ते रीतसर इंजिनिअरिंग होतं: एक्सेटरची कल्पना दोनेक वर्षांत मुंबईत आली, इथल्या उन्हात जास्त चांगली चालली आणि तिच्यावर यंत्र फिरलं. 'पहिला' हा किताब गेला तर गेला.

पुढे काय झालं? जगाने हवेचा रस्ता धरला. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकून जंतूंचा गाळ पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत मांडली, आज जगभरचे मोठे प्लँट त्यावर चालतात. त्यांचे गुरू गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटला येऊन राहिले.

गॅसचा धागा मात्र मुंबईतच पुढे सरकला, आणि तो दादरला! १९३७ मध्ये दादरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मिथेन निघताना डॉ. एस. व्ही. देसाई यांनी पाहिला आणि पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर तेच प्रयोग केले. त्यातून १९५१ मध्ये जशभाई पटेलांची 'ग्रामलक्ष्मी', त्यातून खादी ग्रामोद्योगचा गोबर गॅस. गावाकडे काकांच्या परसात ती लोखंडी तरंगती टोपी पाहिली असेल ना? तिचं मूळ दादरच्या गटारात आहे. आणि शेणावरून गोष्ट परत माणसाच्या मैल्यावर आणली ती देहूच्या डॉ. मापुसकरांनी. संडासाला जोडलेले गॅस प्लँट त्यांनी गावात चालवून दाखवले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मरणोत्तर.

बाकी शहर समुद्रावरच अवलंबून राहिलं. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून वरळीला ३.४ किलोमीटरचा बोगदा समुद्रात काढायचं काम झालं. लालबाग-परळचं पाणी जाळीतून गाळून, वाळू काढून त्यातून सोडायचं, जंतूंचं काम समुद्राने करायचं. हे पूर्ण वेडेपणाचं नव्हतं, भरती-ओहोटीत बरंच विरघळतं. पण लोकसंख्या वाढते, समुद्र वाढत नाही (निदान त्या अर्थाने नाही).

१९ जानेवारी २०२३ ला सात नव्या प्रकल्पांचं भूमिपूजन झालं. एकूण क्षमता रोज २४६४ दशलक्ष लिटर, खर्च सुमारे १७ हजार कोटी. वरळीचा ५००, मालाडचा ४५४ आणि धारावीचा ४१८ दशलक्ष लिटरचा. यातला धारावीचा प्रकल्प जिथे, तिथून ॲकवर्थ हॉस्पिटल काही किलोमीटरवर आहे.