जयपालसिंग मुंडा : ऑलिंपिक संघनायक आणि आदिवासींचे प्रतिनिधी

एखादे चरित्र दोन निरनिराळ्या इतिहासांत वाटले गेले, म्हणजे ते दोहोंतही अपुरे राहते. जयपालसिंग मुंडा (१९०३-१९७०) यांच्याबाबत असेच घडले आहे. क्रीडेतिहासात ते ध्यानचंदांच्या तेजापुढे झाकोळले. राजकीय इतिहासात त्यांच्या हॉकीचा उल्लेख केवळ अलंकारासारखा येतो. वस्तुतः या दोन पर्वांमागे प्रश्न एकच आहे : हिंदुस्थानच्या नावाने उभे राहण्याचा अधिकार कोणाचा ?

छोटा नागपुरातील खुंटी परिसरात, टकरा या गावी, एका मुंडा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रांचीच्या मिशनशाळेतून ते ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तेथे त्यांनी हॉकीचा ‘ब्लू’ मिळविला. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकसाठी संघाचे नायकत्व त्यांच्याकडे आले, तेव्हा ते सनदी नोकरीचे उमेदवार होते. रजा नाकारली गेली असताही ते खेळावयास गेले. परतल्यावर उमेदवारीची मुदत वाढविण्यात आली. तेव्हा त्यांनी त्या नोकरीचाच त्याग केला.

पाच सामन्यांत संघाने २९ गोल केले, त्यांपैकी १४ ध्यानचंदांचे. संघावर मात्र एकही गोल झाला नाही. २६ मे रोजी हॉलंडवर ३-० असा विजय मिळून हिंदुस्थानास हॉकीतील पहिले सुवर्णपदक लाभले. त्या अंतिम सामन्यात जयपालसिंग खेळले नाहीत. यामुळे त्यांचे नायकत्व गौण मानण्याचा मोह होतो. परंतु संघाची घडण पाहिली असता तो टिकत नाही. नायक मुंडा, ध्यानचंद पलटणीतील शिपाई, आणि अँग्लो-इंडियन खेळाडूंचा मोठा भरणा. पारतंत्र्यातील शाळा व पलटणी यांतून आलेल्या या मंडळींनीच जगापुढे प्रथम ‘हिंदुस्थान’ हे नाव विजयी केले.

१९३९ मध्ये आदिवासी महासभेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत बोलताना, आदिवासींना लोकशाही शिकविण्यापेक्षा ती त्यांच्यापासून शिकावी, असे त्यांनी बजाविले. ही याचकाची भाषा नव्हे. देशाचे प्रतिनिधित्व ज्याने पूर्वीच केले होते, त्यास देशात स्थान मागण्याचे कारण नव्हते. स्वजनांचे मूळचे स्थान मान्य करविणे, एवढेच उरले होते.

झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २००० रोजी, त्यांच्या निधनानंतर तीस वर्षांनी, अस्तित्वात आले. अ‍ॅम्स्टरडॅमचे मैदान आणि घटना समितीचे सभागृह ही एकाच वाटचालीची दोन स्थाने होत. अभ्यासकाने ती एकत्र वाचणे अगत्याचे आहे.