वायरिंग हार्नेस
१२. गाडीतल्या सगळ्या वायरींची एकत्र बांधलेली जुडी. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांत घेतली की खरेदीकर वाचे, म्हणून अनेकजण ती घरीच जोडत. हार्नेस घरी करायचा तर फळीवर आखणी करून खिळे ठोकतात, त्यांच्या आधाराने वायरी ओढतात, सगळे तपासून मगच टेप गुंडाळतात. ब्रिटिश रंगपद्धतीत तपकिरी वायर थेट बॅटरीची, काळी अर्थची. काळीकडे दुर्लक्ष नको. फायबरग्लासच्या मडगार्डमधून वीज परतत नाही. तिथल्या दिव्याला स्वतंत्र अर्थ द्यावाच लागतो. तो सैल असला, तर प्रवाह शेजारच्या दिव्यातून वाट काढतो आणि इंडिकेटर देताच पार्किंगचा दिवाही लुकलुकतो. लेखकाने वर्णिलेला बिघाड बहुधा हाच. – संपा.