पिवळा बलक आणि संत्र्याची साल : पोर्तुगीज 'पाश्टेल द नाता'

'पाश्टेल द नाता' म्हणजे खारीसारख्या पापुद्र्यांची, तळहातावर मावेल एवढी वाटी आणि तिच्यात अंड्याचा पिवळा बलक, दूध व साखर यांचे दाट सारण. 'नाता' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ साय; आजच्या प्रचलित कृतीत मात्र मुख्यतः दूधच वापरतात. सारणाच्या पृष्ठभागावर जागोजागी काळपट तपकिरी डाग असतात. ते करपल्याचे नव्हे, नीट भाजल्याचे लक्षण मानले जाते. लिंबाची साल आणि दालचिनी हा या पदार्थाचा मूळचा सुगंध. त्यात संत्र्याची भर घालून केलेला प्रकार येथे दिला आहे.

घरी हा पदार्थ बहुधा दोन ठिकाणी बिघडतो. फळाचा रस चुकीच्या वेळी पडल्याने सारण फुटते, किंवा आच कमी पडल्याने वाटीचा तळ कच्चा राहतो. या दोन्हींची कारणे ध्यानात घेतली, तर कृती वाटते तितकी अवघड नाही.

मठातील काटकसर

पोर्तुगालमधील अनेक पारंपरिक मिठाया ख्रिस्ती मठांच्या स्वयंपाकघरांत घडल्या. वस्त्रांना खळ देण्यासाठी मठांत अंड्यातील पांढरे वापरले जाई आणि पिवळे बलक उरत, असे सांगितले जाते. मदैरा बेटावरून आणि पुढे ब्राझीलहून साखर येऊ लागल्यावर या उरलेल्या बलकांना सोबत मिळाली. आव्हैरू शहराची 'ऑव्हुश मोलिश' ही मिठाई याच परंपरेतील आहे.

लिस्बनच्या बेलें भागातील जेरोनिमुश मठाशी पाश्टेलचे नाव जोडलेले आहे. 1820 च्या उदारमतवादी क्रांतीनंतर 1834 मध्ये पोर्तुगालमधील मठ बंद करण्यात आले. त्या सुमारास मठातील गोड वड्या उदरनिर्वाहासाठी शेजारच्या साखर कारखान्यालगतच्या दुकानात विक्रीस येऊ लागल्या आणि 1837 पासून तेथे त्या रीतसर बनू लागल्या. ते दुकान आजही चालू असून मूळ कृती गुप्त राखली जाते. 'पाश्टैश द बेलें' हे नाव केवळ त्याच दुकानातील मिठाईला लागते. इतरत्र बनणारी ती 'पाश्टैश द नाता'.

हीच चव पोर्तुगीज सत्तेच्या वाटेने पूर्वेकडेही गेली. मकावमधील कोलोआन येथे अँड्र्यू स्टो या इंग्रज गृहस्थाने 1989 मध्ये बेकरी उघडून तिचा स्वतःचा प्रकार लोकप्रिय केला. गोव्यातील बेबिंकही बलकांच्या मुबलक वापरावर उभे आहे. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील एका जोगिणीने ते प्रथम केले, अशी लोककथा आहे. दूध-लोण्याच्या जागी नारळाचा रस आणि तूप आले, बलक मात्र तेच राहिले.

साल का, रस का नाही?

संत्र्याचे नाव या प्रवासाची साक्ष देते. संस्कृत 'नारंग' फारसी व अरबीतून पश्चिमेस गेला आणि पोर्तुगीजमध्ये 'लारांजा' झाला. उलट गोड संत्र्याच्या व्यापारातील पोर्तुगीजांच्या वाट्यामुळे तुर्की भाषेत या फळाला 'पोर्ताकाल' म्हणतात. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आल्गार्व प्रांत, त्यातही सिल्व्हिश परिसर, आज संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे.

संत्र्याचा गंध प्रामुख्याने सालीत असतो. सालीच्या रंगीत थरातील सूक्ष्म पिशव्यांत सुगंधी तेल साठलेले असते. त्याखालचा पांढरा थर कडवट. रसात आंबटपणा असतो आणि आंबटपणाने दूध नासते. पनीर करताना लिंबू पिळतो, ते याचसाठी. म्हणून सारणाला वास सालीने द्यावा आणि रस थोडाच, तोही पाकात शिजवून घालावा. लिंबाचा रस अजिबात घालू नये.

पोर्तुगालमधील लिंबू पिवळे व जाड सालीचे असते. आपले कागदी लिंबू पातळ सालीचे आणि अधिक तीव्र, म्हणून त्याची साल निम्मीच घ्यावी. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने फळ सोलण्याआधीच सुरीने रंगीत थर काढावा. मोसंबीही चालते. बाजारातील फळांवर मेणाचा लेप असू शकतो. ती कोमट पाण्यात चोळून धुवावीत.

साहित्य (12 नग)

वाटीसाठी : मैदा 150 ग्रॅम, पाणी सुमारे 80 मिलिलिटर, चिमूटभर मीठ, बिनमिठाचे लोणी 110 ग्रॅम.

सारणासाठी : दूध 250 मिलिलिटर, मैदा 25 ग्रॅम, साखर 175 ग्रॅम, पाणी 60 मिलिलिटर, गाळलेला संत्र्याचा रस 40 मिलिलिटर, एका संत्र्याची व अर्ध्या कागदी लिंबाची साल, दालचिनीचा एक तुकडा, 5 अंड्यांचे पिवळे बलक.

कृती

1. मैदा, मीठ व पाणी एकत्र करून मऊ, किंचित चिकट गोळा मळावा आणि 15 मिनिटे झाकून ठेवावा. लोणी बोटाने दाबता येईल, पण वितळणार नाही, इतके मऊ असावे.

2. गोळा चौकोनी लाटून दोन तृतीयांश भागावर एक तृतीयांश लोणी पसरावे. मोकळा भाग आधी आत दुमडावा, मग उरलेला त्यावर आणावा. पुन्हा लाटून दुसऱ्या तृतीयांश लोण्यासह हीच क्रिया करावी. तिसऱ्यांदा पातळ लाटून उरलेले लोणी सर्वत्र लावावे आणि सुरळी घट्ट गुंडाळावी. सुरळी किमान दोन तास, शक्य तर रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवावी.

3. दुधातील थोडा भाग घेऊन त्यात मैदा गुठळ्या न होता कालवावा. उरलेले दूध उकळून त्यात हे मिश्रण घालावे आणि दाट होईपर्यंत सतत ढवळावे.

4. साखर, पाणी, संत्र्याचा रस, दोन्ही साली व दालचिनी एकत्र उकळून एकतारी पाक करावा. तापमापक असल्यास 105 अंश सेल्सियस. पाक ढवळू नये. साली व दालचिनी काढून पाक बारीक धारेने दुधात फेटावा.

5. मिश्रण कोमट झाल्यावर बलक मिसळावेत आणि सारण गाळून घ्यावे.

6. सुरळीचे 12 काप करून प्रत्येक काप वळ्याची बाजू वर ठेवून साच्यात बसवावा. अंगठा पाण्यात बुडवून मध्यापासून कडेकडे दाबत जावे. तळ पातळ आणि कड साच्याच्या किंचित वर असावी. साचे 20 मिनिटे थंड करावेत.

7. पाऊण भाग सारण भरून 250 अंशांवर आधीच चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये, वरच्या कप्प्यात 12 ते 15 मिनिटे भाजावेत. सारणावर गडद डाग आणि कडांवर सोनेरी तपकिरी रंग आला की काढावेत.

कोठे चुकते?

लोण्यात काही अंश पाणी असते. प्रखर उष्णतेत त्याची झटक्यात वाफ होते आणि पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. आच मंद असेल, तर वाफ होण्याआधीच लोणी वितळून बाहेर येते, वाटी तळल्यासारखी तेलकट होते आणि सारणातील ओल तळात मुरते. पोदेराची भट्टी ज्या तापाने उंडे फुलवते, तसाच कडक ताप येथे हवा. ओव्हन निदान अर्धा तास आधी लावावा आणि भाजताना दार उघडू नये.

गोव्याच्या दमट उकाड्यात लोणी लाटतानाच पाझरू लागते. म्हणून हे काम पहाटे करावे आणि दोन घड्यांमध्ये गोळा 20 मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा.

सारणातील थोडासा मैदाही निरर्थक नाही. त्यातील स्टार्च दाट होऊन बलकाच्या गुठळ्या होऊ देत नाही. म्हणूनच एवढ्या प्रखर आचेतही सारण मऊ राहते. पाककर्त्याने तो 'अनावश्यक' म्हणून वगळला, की वाटीत अंड्याची भुर्जी तयार होते.

उरलेल्या पांढऱ्याचे काय?

मठांत पांढरे वापरून बलक उरत. आपल्या घरी बलक वापरून पांढरे उरतील. ते टाकून देऊ नयेत. साखर घालून घट्ट फेटून मंद आचेवर सुकवले, की पोर्तुगालमधील 'सुश्पीरुश' नावाच्या हलक्या वड्या होतात; या शब्दाचा अर्थ 'उसासे'. तेवढा वेळ नसेल, तर पांढरे झाकणाच्या डब्यात फ्रीझरमध्ये टिकतात.

पाश्टेल कोमट असताना, वर दालचिनीची पूड व पिठीसाखर भुरभुरून खावेत. वाटीचा कुरकुरीतपणा त्याच दिवशी सर्वाधिक असतो. दुसऱ्या दिवशी खायचे झाल्यास ते फ्रिजमध्ये ठेवून तापलेल्या ओव्हनमध्ये पाच मिनिटे गरम करावेत. मायक्रोवेव्हमध्ये वाटी मऊ पडते. उरलेला बलक आणि फेकून द्यायची साल, एवढ्या सामग्रीवर उभी राहिलेली ही मिठाई आहे. ती करताना काही वाया न घालवणे हेच तिच्या मूळ रीतीला धरून होईल.