वाघनख व बिचवा यांच्या प्रतिकृति : अस्सल आणि नक्कल

सुपें या नांवाचीं दोन स्थळें इतिहासाच्या वाचकांस भेटतात. एक पुणें जिल्ह्यांत बारामती तालुक्यांत, शहाजी राजांच्या जहागिरींतील परगण्याचें ठाणें म्हणून प्रसिद्ध असलेलें. दुसरें अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांत पुणें-नगर रस्त्यावर वसलेलें. नामसादृश्यामुळें या दोहोंचा घोटाळा वारंवार होतो, म्हणून आरंभींच सांगणें बरें कीं, प्रस्तुत लेखाचा संबंध या दुसऱ्या सुप्याशीं आहे. येथें कोणती लढाई झाली किंवा एखादें दप्तर सांपडलें म्हणून हा लेख लिहिलेला नाहीं. येथें एक वस्तु घडविली गेली, ती सात वर्षांनीं निराळ्याच नांवानें परत आली, आणि त्यांत दोष बहुतांशीं लेखकाचाच होता, एवढेंच निमित्त.

इ. स. २०१७ मध्यें विद्यार्थ्यांपुढें प्रतापगडच्या प्रसंगावर व्याख्यान द्यावयाचें होतें. वाघनख व बिचवा हीं शस्त्रें चित्रांत पाहून मुलांस त्यांची नीट कल्पना येत नाहीं, हा अनुभव जुना होता. तेव्हां सुप्याच्या रस्त्यालगत भाता घालून बसणाऱ्या एका लोहाराकडून दोन्हीं शस्त्रें करवून घेतलीं. मालमोटारीच्या कमानीचा टाकून दिलेला पाटा त्यानें निवडला. विळे-कोयत्यांसाठीं लोहार लोकांस हेंच पोलाद पसंत पडतें. कारण तें चिवट असतें आणि पाणी चांगलें घेतें. पाटा लाल करून त्याचे तुकडे तोडले, एकेक नखी ऐरणीवर ओढून वांकविली, तिचा बुंधा पट्टीच्या छिद्रांतून पलीकडे काढून तेथें ठोकून पसरविला. विजेची जोडणी करूं नये, असा माझा आग्रह होता; जुन्या कारागिराकडे ती नव्हती, मग प्रतिकृतींत ती कां असावी? पट्टीच्या दोन्ही टोकांस कडीं बसवावयाचीं होतीं. एक कडें माझ्या तर्जनीच्या व दुसरें करंगळीच्या मापानें त्यानें तेथल्या तेथें वळवून दिलें.

काम उरकल्यावर त्यानें छिन्नी हातीं घेतली आणि आपली खूण व साल पट्टीच्या मागें उठवूं लागला. विळ्यावर तो असें नेहमींच करी. “राहूं द्या, त्यानें जुनेपणा जाईल,” असें म्हणून मीं त्याचा हात धरला. तो म्हणाला, “गुरुजी, माझा माल आहे, माझं नांव नको का?” तरीही मीं ऐकलें नाहीं. पुढें व्याख्यान झालें, वस्तु एकानें दाखविण्यासाठीं नेली, त्याच्याकडून दुसऱ्यानें, आणि वर्षा-दीड वर्षांत ती कोणाकडे आहे याचा माग मजकडे उरला नाहीं. ग्रंथ उसना दिल्यावर जें होतें तेंच येथेंही झालें.

आतां मूळ प्रसंगाकडे वळूं. शके १५८१ मार्गशीर्ष शुद्ध ७, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजी महाराज व अफजलखान यांची भेट झाली आणि तींत खान मारला गेला, याविषयीं वाद नाहीं. वाद शस्त्रांचा आहे. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारतां’त, म्हणजे महाराजांच्या हयातींतील काव्यांत, महाराज आपलें कृपाण खानाच्या पोटांत खुपसतात, वाघनखाचें नांव तेथें येत नाहीं. उलट कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, जिंजीच्या मुक्कामीं रचलेल्या बखरींत एका हातीं वाघनख व दुसऱ्या हातीं बिचवा अशी स्पष्ट मांडणी आहे. पोवाड्याच्या परंपरेंतही हीच जोडी येते. इंग्रज वैद्य फ्रायर बाहींतून काढलेल्या लहान खंजिराची गोष्ट सांगतो. खाफीखान तर बिचवा हें नांव देऊन तें शस्त्र बाहीखालीं हाताच्या बोटांवर लपविलें होतें असें लिहितो. बोटांवर बसतें तें वाघनख, मुठींत धरतात तो बिचवा. खाफीखानाच्या वाक्यांत दोन्हीं मिसळलेलीं दिसतात. वाघनखाच्या पट्टीसच बिचव्याचें पातें जोडलेले नमुने शस्त्रसंग्रहांत आढळतात. तसा एखादा नमुना ऐकिवांत येऊन खाफीखानाचें वाक्य तयार झालें असावें, असा माझा तर्क आहे. तो तर्कच समजावा.

बिचव्याविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे. कारण प्रतिकृति करणारे याच शस्त्राची अधिक आबाळ करतात. त्याचें दुहेरी बांकाचें पातें विंचवाच्या नांगीसारखें दिसतें, म्हणून हें नांव. हा बांक शोभेसाठीं काढलेला नाहीं. म्हशीच्या शिंगाच्या उभ्या चिरेपासून केलेल्या खंजिराचा आकार पुढें पोलादांत उतरला, असें शस्त्राभ्यासक मानतात. मूठ बहुधा बंद कड्याची असते. बोटें आंत जातात, आणि झटापटींत हात ओढला गेला तरी शस्त्र सुटत नाहीं. बाजारांतील बिचव्यांस ही मूठ अनेकदां इतकी प्रशस्त असते कीं तींत पंजा हिंदकळतो, किंवा इतकी अरुंद कीं तीन बोटेंही मावत नाहींत. पात्याचा बांक तर पत्र्यावर आखून यंत्रानें कापलेला असतो. त्यास मधली शीर नसते, जाडी टोकापर्यंत एकसारखी राहते. असा बिचवा भिंतीवर टांगण्यापुरता होय.

वाघनखाचा मुद्दा लंडनच्या वस्तूमुळें सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनख काही काळापुरतें महाराष्ट्रांत आणण्याचा करार ३ ऑक्टोबर २०२३ रोजीं झाला, आणि १९ जुलै २०२४ पासून तें सातारच्या संग्रहालयांत लोकांस पाहावयास मिळालें. त्याच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. त्याचा आशय असा कीं, शिवाजीनें ज्यानें मोगल सेनापतीस मारलें तें हें वाघनख असून, सातारा येथें रेसिडेंट असतांना जेम्स ग्रँट डफ यांस पेशव्यांच्या मुख्य प्रधानानें तें दिलें. मूळ वस्तु हीच, असें सिद्ध करतां आलेलें नाहीं, असें त्या संग्रहालयानेंच स्पष्ट केलें आहे. आणि कोल्हापुरांतील इतिहासाभ्यासकांनींही तिच्या अस्सलपणास हरकत घेतली.

हस्तलिखितें वाचणाऱ्यांनीं या पेटीवरील मजकूर एखाद्या कागदाप्रमाणें तपासून पाहावा. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. त्यास मोगल सेनापति म्हणणारा लेखक त्या काळाशीं परिचित नव्हता. ग्रँट डफ साताऱ्यास होते १८१८ पासून १८२२ पर्यंत, आणि दुसऱ्या बाजीरावानें शरणागति पत्करली ३ जून १८१८ रोजीं. त्यानंतर तो बिठूरला गेला. मग साताऱ्याच्या रेसिडेंटास देणगी देणारा पेशव्यांचा मुख्य प्रधान कोणता? माजी कारभाऱ्यांपैकीं कोणी दिली असेल, असें म्हणतां येईल. परंतु छत्रपतींच्या घराण्याची एवढी पूज्य वस्तु पेशव्यांच्या कारभाऱ्याकडे कशी आली, हा प्रश्न तरीही उरतोच. तिसरी गोष्ट ग्रँट डफ यांच्या स्वतःच्या ग्रंथांतील. १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासांत त्यांनीं वाघनखाचें वर्णन एका टीपेंत केलें आहे : तर्जनी व करंगळी यांत बसणारें, तीन वांकड्या पात्यांचें, अर्धवट मिटलेल्या मुठींत सहज लपणारें लहान पोलादी हत्यार. जो कोणी ही वस्तु पाहील त्यानें आधीं नख्या मोजाव्यात आणि मग ही टीप पुन्हां वाचावी. मालकाच्या नांवें नोंदलेली वस्तु व मालकाच्याच लेखणींतलें वर्णन यांचा मेळ घालणें हा पहिला धडा होय. पेटीवरील मजकूर केव्हां व कोणी घातला याचा निर्णय त्या मजकुरावरूनच करतां येत नाहीं.

इतकें लिहून झाल्यावर या चर्चेंतून त्या वस्तूस कमी लेखावें असा माझा हेतु आहे, असें कोणी समजूं नये. प्रत्येक ऐतिहासिक शस्त्र अस्सल असण्याची गरज नसते. एकोणिसाव्या शतकांत साहेब लोकांस भेट देण्यासाठीं घडविलेलीं वाघनखेंही आतां दोनशें वर्षांच्या घरांत आलीं आहेत. तीं त्या काळच्या कारागिरीचा व त्या काळच्या मनोवृत्तीचा पुरावा आहेत. मात्र तीं १६५९ चा पुरावा नव्हेत. दप्तरांत ‘नक्कल’ असा शेरा असलेला कागद आपण आदरानें वाचतों, कित्येकदां अस्सल नष्ट झाल्यामुळें नकलेवरच विसंबतों. शेरा पुसला कीं तोच कागद बनावट ठरतो.

सातारच्या प्रदर्शनानंतरच्या हिवाळ्यांत एक गृहस्थ एक फडकें घेऊन मजकडे आले. त्यांत एक वाघनख व एक मोडी कागद होता. घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें शस्त्र, सोबत त्याची सनद, आणि मागणी मोठ्या रकमेची. कागद खरोखर जुना होता. हातकागद, बोरूची लेखणी, शाई फिकट पडलेली. वाचून पाहिला तों तो दोन बैलांच्या विक्रीचा निघाला. त्यांत शस्त्राचें नांव नव्हतें. गृहस्थांस मोडी येत नव्हती. ज्यानें त्यांस विकलें त्यासही बहुधा येत नसावी. वाघनखावर तांबूस गंजाचा थर होता. तें मीं हातीं घेतलें आणि कडीं बोटांत घातलीं. तर्जनी बसली, करंगळीही बसली. आठवण पटली तेव्हां पट्टीवरील तिसरी नखी पाहिली. ती घडवितांना पाटा तडकला होता आणि लोहारानें तिचा बुंधा जरा तिरपा बसविला होता. तो तिरपेपणा तसाच होता. माझ्या २०१७ च्या टिपणवहींतील आराखडाही काढून दाखविला. गृहस्थ बराच वेळ बोलले नाहींत. त्यांनीं दिलेली रक्कम कोणाकडून परत मिळणार, हें सांगणें माझ्या हातीं नव्हतें. ती वस्तु मीं त्यांच्याकडून, त्यांनीं दिलेल्या किंमतीच्या कांहीं अंशानें, परत घेतली.

या प्रकारावरून संग्राहकांच्या उपयोगीं पडतील अशा कांहीं खुणा नमूद करतों. नवा गंज आम्लानें किंवा मिठाच्या पाण्यानें चढविलेला असतो; तो नारिंगी, एकसारखा आणि बोटास लागणारा असतो. शतकानुशतकें हाताळलेल्या लोखंडाचा रंग काळसर-तपकिरी असून हाताच्या घर्षणाच्या जागीं तो गुळगुळीत उजळलेला असतो. खांचींत मात्र गडद राहतो. कड्याची आंतली बाजू पाहावी. वापरलेल्या कड्यास ती झिजून मऊ होते. माझ्या वाघनखाच्या कड्यांत कानशीचे ओरखडे जसेच्या तसे होते. विजेच्या जोडणीचा ओघळ कानशीनें घासला तरी सांध्याच्या कोपऱ्यांत उरतो. पात्यावरील लाटांची नक्षी पाहून जुनें जौहरदार पोलाद म्हणून मोहूं नये. निरनिराळ्या पोलादांचे पत्रे एकत्र घडवून आम्लांत बुडविलें कीं तशी नक्षी आतां सहज येते. जुन्या जौहराची रेषा बारीक, अनियमित असते व ती एकाच पोलादाच्या गाभ्यांतली असते. एवढें असूनही चांगला लोहार डोळ्यांस फसवूं शकतो. माझ्या लोहारानें मला न सांगतां तेंच केलें असतें, तर बोटांच्या मापावांचून माझ्याकडे पुरावा नव्हता.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत फेअरबर्न व साइक्स या शांघाय पोलिसांतील माजी अधिकाऱ्यांच्या आखणीवरून विल्किन्सन कारखान्यानें १९४१ पासून इंग्रज कमांडोंसाठीं दुधारी सुरी केली. पहिल्या प्रकारास पन्हळदार नागमोडी आडपट्टी, दुसऱ्यास सरळ, तिसऱ्यास वळ्यांची मूठ, अशा तिच्या पायऱ्या संग्राहक लावतात. ती सुरी युद्धानंतरही घडविली गेली आणि हातकारागिरांनीं तिच्या प्रतिकृति केल्या. तेथेंही तंटा पात्याच्या गुणाविषयीं नसतो, पुसलेल्या किंवा नव्यानें उठविलेल्या छापाविषयीं असतो. आपल्याकडे तर शंभर वर्षांहून जुन्या वस्तूस व पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितास १९७२ चा पुरावस्तु कायदा लागू होतो. खोटें शस्त्र व खरा कागद यांची जोडी लावणारा मनुष्य त्या कागदाचाही नाश करतो, हें विसरतां कामा नये. बैलांच्या विक्रीच्या त्या कागदावरून त्या भागांतील किंमतीचा एक चांगला दाखला मिळाला असता; त्याचा खालचा भाग दुमडून फाटल्यामुळें साल नाहींसें झालें आहे. तो फाटा ताजा होता.

मागील शिशिरांत तें वाघनख घेऊन मी पुन्हां सुप्याच्या रस्त्यावर गेलों. लोहाराचा भाता आतां विजेचा आहे, मुलगा घण मारतो. त्यानें वस्तु ओळखली आणि कांहीं न बोलतां छिन्नी मागितली. पट्टीच्या मागें आतां ‘नक्कल’, ‘सुपें’ व ‘शके १९३९’ इतकीं अक्षरें आहेत, आणि शेवटीं त्याची त्रिशूळासारखी खूण.